मांसातले कृमी येतात कोठून?

महाविद्यालयात शिकणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. प्रकृती उत्तम, मोठे दुखणे कधी माहीत नाही. एके दिवशी सकाळी वेणी घालीत असता तिच्या उजव्या हाताची बोटे आपोआप थरथरू लागतात, थरथर खांद्यापर्यंत चढते, मुलगी खाली कोसळते आणि काही मिनिटे तिला शुद्ध राहत नाही. शेजारपाजारचे धावत येतात. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चामड्याचा जोडा हुंगवतो. दुसऱ्या दिवशी शहरातील मोठ्या इस्पितळात तिच्या मेंदूचे चित्र काढले जाते आणि त्यात वाटाण्याएवढा एक ठिपका दिसतो. डॉक्टर सांगतात, की ही एका कृमीची पुटी आहे आणि हा कृमी डुकराच्या मांसात आढळणारा आहे. घरची माणसे अवाक् होतात. ज्या घरात अंडेसुद्धा कधी शिजले नाही, त्या घरातल्या मुलीच्या मेंदूत डुकराच्या मांसातला कृमी! मग सगळ्यांच्या नजरा मुलीकडे वळतात. वसतिगृहात राहून, मैत्रिणींच्या संगतीने हिने काय खाल्ले असेल, अशी कुजबुज सुरू होते.

अशा तऱ्हेचे प्रसंग आपल्या देशातील इस्पितळांत नित्य घडतात. मुलीवर घेतला जाणारा हा संशय बहुतेक वेळा सर्वस्वी अन्यायाचा असतो. डुकराचे मांस खाल्ल्याने ही पुटी मेंदूत होत नाही. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु ते खरे आहे, आणि ते का खरे आहे हे समजून घेण्यासाठी या कृमीची जीवनयात्रा पाहिली पाहिजे.

डुकराच्या मांसात तांदळाच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढे पाणीदार फोड दिसतात, ही गोष्ट माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयी लिहिताना या फोडांना गारांची उपमा दिली आहे. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी ४२४ साली ॲरिस्टोफेनीसने रचलेल्या एका विनोदी नाटकात, डुकराचा जबडा उघडून जिभेवर फोड आहेत काय हे पाहणाऱ्या माणसाचा उल्लेख येतो. बाजारात डुक्कर विकत घेताना त्याची जीभ ओढून पाहण्याची चाल आजही कित्येक देशांत चालू आहे. चोवीस शतकांत गिऱ्हाइकाची परीक्षा बदलली नाही!

परंतु हे फोड कशाचे, याचा उलगडा व्हायला एकोणिसावे शतक अर्धे उलटावे लागले. माणसाच्या आतड्यात वाढणारा लांबच लांब, फितीसारखा पट्टकृमी वैद्यांना ठाऊक होता. डुकराच्या मांसातले फोड खाटकांना ठाऊक होते. या दोन वस्तू म्हणजे एकाच जिवाच्या दोन अवस्था आहेत, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नव्हते. कित्येक विद्वान तर हे फोड शरीरात आपोआप निर्माण होतात असे मानीत. १८५३ साली बेल्जियममधील प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेदेन याने पट्टकृमीची अंडी एका डुकराला चारली आणि पुढे त्या डुकराच्या मांसात ते फोड भरलेले त्याला आढळले. यात्रेचा एक टप्पा उजेडात आला. दुसरा टप्पा उजेडात आणला तो सॅक्सनीतील झिट्टाऊ गावच्या फ्रीडरिख क्यूखनमाइस्टर या डॉक्टराने, आणि त्याची रीत ऐकून आजही अंगावर काटा उभा राहतो. १८५५ साली त्याने देहान्ताची शिक्षा झालेल्या एका कैद्याला, त्याच्या नकळत, अन्नातून हे फोड खाऊ घातले. शिक्षा अमलात आल्यानंतर त्याने प्रेताची तपासणी केली, तेव्हा आतड्याच्या भिंतीला कोवळे पट्टकृमी चिकटलेले दिसले. काही वर्षांनी त्याने असाच प्रयोग पुन्हा केला आणि त्या वेळी अधिक वाढ झालेले कृमी मिळाले. त्याच्या समकालीनांनीही या प्रयोगांवर कठोर टीका केली, आणि ती योग्यच होती. त्या माणसाची संमती घेण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. तरीही क्यूखनमाइस्टरचे अनुमान अचूक ठरले.

या कृमीची यात्रा अशी आहे. माणसाने कच्चे अथवा अर्धवट शिजलेले मांस खाल्ले, की त्यातील पुटीमधून कृमीचे डोके बाहेर येते. ते टाचणीच्या टोकाएवढे असते; त्यावर चार चूषके आणि आकड्यांची दुहेरी माळ असते. त्या आकड्यांच्या बळावर ते आतड्याला घट्ट धरून बसते. मग मानेकडून एकामागून एक खंड फुटत जातात आणि सुमारे दोन महिन्यांत दोन ते चार मीटर, क्वचित त्याहूनही लांब फीत तयार होते. शेवटचे खंड पिकले, की तुटून विष्ठेबरोबर बाहेर पडतात. एकेका पिकल्या खंडात सुमारे ५०,००० अंडी असतात. असा पाहुणा पोटात असलेल्या माणसाला फारसा त्रास होत नाही. कधी पोटात कळ येते, कधी भूक मंदावते, बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. तो माणूस शेतात राबतो, कारखान्यात जातो, दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करतो.

ज्या गावात लोक उघड्यावर शौचास बसतात आणि डुकरे मोकळी फिरतात, तेथे ही अंडी डुकराच्या पोटात जाण्यास वेळ लागत नाही. पोटात अंड्याचे कवच विरघळते, आतील सूक्ष्म गर्भ आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि रक्ताबरोबर वाहत जाऊन जिभेत, जबड्यात, हृदयात, मांड्यांच्या मांसात मुक्काम करतो. दोन-तीन महिन्यांत त्याची पुटी होते. ते मांस माणसाने खाल्ले, की फेरा पूर्ण झाला. या फेऱ्यात डुक्कर हा मधला मुक्काम आहे. पूर्ण वाढलेल्या कृमीचे घर मनुष्य हेच आहे. डुकराच्या मांसात जंत येतो तो माणसाकडून. डुकराला घाणेरडा प्राणी म्हणून नावे ठेवणाऱ्यांनी हा क्रम एकदा नीट उलगडून पाहावा.

आता त्या मुलीकडे वळू. कृमीच्या अंड्याला डुकराचे पोट आणि माणसाचे पोट यांत भेद करता येत नाही. अंडी माणसाच्याच पोटात गेली, तर त्याच रीतीने गर्भ रक्तात शिरतो आणि माणसाच्या स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पुट्या होतात. म्हणजे माणसापर्यंत पोहोचण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्या दोहोंत महदंतर आहे. मांसातील पुटी खाल्ली, तर पोटात फीत वाढते, आणि ती एखाद्या गोळीने पडून जाते. अंडे गिळले गेले, तर मेंदूत पुटी होते. मांसाहारी माणसाला पहिल्या वाटेचे भय आहे. दुसऱ्या वाटेचे भय मात्र शाकाहारी, मांसाहारी, सोवळे पाळणारा, न पाळणारा, सर्वांना सारखेच आहे. कारण ही अंडी मांसातून येत नाहीत. पोटात फीत बाळगणाऱ्या कोणाच्या तरी न धुतलेल्या हातातून, मैल्याच्या पाण्यावर वाढवलेल्या आणि कच्च्याच खाल्लेल्या भाजीतून, गढूळ पाण्यातून ती येतात. घरातच कोणाच्या पोटात फीत असेल, तर धोका सर्वाधिक; आणि त्या माणसाच्या स्वतःच्या हातून अंडी त्याच्याच तोंडात गेली, तर तोही सुटत नाही.

न्यूयॉर्क शहरातील एका सनातनी ज्यू वस्तीत घडलेली गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे. या समाजात डुकराचे मांस धर्माने निषिद्ध आहे आणि तो निषेध कसोशीने पाळला जातो. तेथे एकमेकांशी नातेसंबंध नसलेल्या चार व्यक्तींच्या मेंदूत या पुट्या आढळल्या. संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या तपशिलावरून असे दिसले, की या घरांत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मोलकरणी काम करीत होत्या आणि त्यांच्यापैकी एकीच्या पोटात हा पट्टकृमी होता. त्या बाईला आपल्या पोटात काय आहे याची कल्पना नव्हती. तिचा दोष कोणता? तिच्या गावात शौचकूप नव्हता, हा!

हिंदुस्थानाशी या रोगाचा जो संबंध वैद्यकाच्या इतिहासात ठळकपणे नोंदला गेला, तो मुख्यतः येथे नोकरीस असलेल्या ब्रिटिश सैनिकांमुळे. पलटणी मायदेशी परतल्यानंतर काही वर्षांनी त्यांतील धडधाकट जवानांना फेफरे येऊ लागले. कारण न सापडल्यामुळे त्यांच्या कागदांवर साध्या अपस्माराचा शिक्का बसे. लंडनमधील मिलबँकच्या लष्करी इस्पितळात विल्यम मॅकार्थर या लष्करी डॉक्टराने १९३०च्या सुमारास या रुग्णांचा पाठपुरावा केला. काहींच्या कातडीखाली लहान गाठी हाताला लागत. काहींच्या मांड्यांच्या क्ष-किरण चित्रांत तांदळाच्या दाण्यांसारख्या चुनखडी झालेल्या पुट्या दिसत. या सैनिकांपैकी बहुतेकांनी हिंदुस्थानात नोकरी केली होती. पुढे डिक्सन आणि लिप्सकोम यांनी अशा ४५० रुग्णांचा वृत्तांत १९६१ साली प्रसिद्ध केला. त्यावरून एक विलक्षण गोष्ट स्पष्ट झाली. संसर्ग आणि पहिला झटका यांच्यामध्ये बहुधा काही वर्षांचा काळ लोटत होता आणि काहींच्या बाबतीत तो वीस वर्षांहून अधिक होता. पुटी जिवंत असेपर्यंत शरीराच्या संरक्षक पेशींना चकवीत शांत पडून राहते. ती मरू लागली, की हे कवच गळून पडते, आजूबाजूला दाह होतो आणि झटका येतो. कृमी जिवंत असताना उपद्रव थोडा आणि मरताना फार, असा हा उलटा न्याय आहे.

सैनिकांची नोंद झाली, कारण लष्कराची कागदपत्रे नीट ठेवलेली होती. गावोगावच्या रयतेची अशी नोंद कोण ठेवणार? आपल्याकडे या रोगाचे खरे स्वरूप ध्यानात यायला मेंदूच्या आतील भागाचे चित्र काढणारी सी. टी. स्कॅन यंत्रे यावी लागली. १९८०च्या दशकात ही यंत्रे देशात येताच डॉक्टरांना एक कोडे पडले. फेफऱ्याच्या कित्येक रुग्णांच्या मेंदूत एकच लहान, कडेने उजळ दिसणारा ठिपका सापडू लागला. आपल्या देशात क्षयरोग फार, म्हणून ही क्षयाची गाठ असावी, असे बहुतेकांनी मानले आणि रुग्णांना महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली. ठिपका नाहीसा झाला, की औषध लागू पडले अशी खात्री होई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मॅथ्यू चँडी, वेदांतम् राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे काही ठिपके शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते क्षयाचे नव्हते; त्यांत मरणपंथाला लागलेल्या या कृमीचे अवशेष होते. १९८९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. कित्येक ठिपके औषधावाचूनही काही महिन्यांत आपोआप विरून जातात, हेही पुढे दिसून आले. औषधाला मिळालेले श्रेय वास्तविक काळाचे होते. या शोधामुळे किती रुग्ण क्षयाच्या अनाठायी औषधांपासून आणि कवटी उघडण्याच्या शस्त्रक्रियेपासून वाचले असतील, याची मोजदाद कठीण आहे.

अशा रुग्णाला आज झटके थांबवणारी औषधे देतात. पुटी मारणारे अल्बेंडाझोल द्यायचे की नाही, हे पुट्यांची संख्या आणि जागा पाहून ठरवतात, आणि ते देताना दाह आवरणारी औषधेही बरोबर असावी लागतात. एक पुटी असलेल्या बहुतेक रुग्णांचे पुढे चांगले होते. परंतु फेफऱ्याचा कलंक पुटी विरल्याने विरत नाही, आणि मुलीच्या बाबतीत तर तो लग्नाच्या बोलण्यात आडवा येतो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली घातलेल्या तरतुदीनुसार, वरचेवर अपस्माराचे झटके येणे ही विवाहाला बाधक गोष्ट होती. १९९९च्या दुरुस्तीने ‘अपस्मार’ हा शब्द कायद्यातून वगळण्यात आला. कायद्याने शब्द वगळला. पत्रिका पाहणाऱ्यांच्या मनातून तो वगळला गेला आहे, असे म्हणवत नाही.

यावर श्रोता सहजच विचारील, की खाटीकखान्यात जनावरे तपासली जातात ती कशासाठी? मांसाची तपासणी हा युरोपात भीतीतून जन्मलेला उपाय होय. १८३५ साली जेम्स पॅजेट या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला लंडनमध्ये एका प्रेताच्या स्नायूंत ट्रिकिनेला नावाचा केसाहून बारीक, वेटोळे घालून बसलेला कृमी दिसला. हाही डुकराच्या मांसातून येतो, आणि हा मारक असतो. १८६५ साली जर्मनीतील हेडर्सलेबेन गावी अशा मांसाने तीनशेवर लोक आजारी पडले व त्यांतील शंभराच्या आसपास दगावले. विर्खोव्हसारख्या थोर वैद्यकशास्त्रज्ञाने मांसतपासणीचा आग्रह धरला आणि प्रशियात डुकराच्या मांसाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी सक्तीची झाली. तेथून ही पद्धत जगभर पसरली.

आपल्याकडे जनावरांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली खाटीकखान्यांसाठी २००१ साली नियम झाले. त्यानुसार प्रत्येक जनावर कापण्यापूर्वी पशुवैद्याने तपासले पाहिजे आणि एका पशुवैद्याने तासाला १२ व दिवसाला ९६ यांहून अधिक जनावरे तपासू नयेत. नियम चांगला आहे. एका जनावराला पाच मिनिटे मिळावीत, एवढेच त्याचे मागणे आहे. तथापि जनावर चालते-फिरते असताना त्याच्या मांडीतला तांदळाएवढा फोड कोणाला दिसणार? तो पाहायचा तो कापल्यानंतर, जबड्याचे स्नायू, जीभ, हृदय आणि पोट व छाती यांमधला पडदा यांत सुरीचे ठराविक छेद घेऊन. फोड पुष्कळ असतील, तर ते तात्काळ नजरेस येतात. थोडे असतील, तर सुरी दोन फोडांच्या मधूनच जाते आणि मांस निर्दोष ठरते. शिवाय आपल्या देशात डुकराचे मांस मोठ्या खाटीकखान्यातून येते ते थोडे. बरेचसे आठवड्याच्या बाजाराशेजारी, गावाच्या कडेला, जेथे पशुवैद्य कधी जात नाही अशा ठिकाणी कापले जाते. फोडांमुळे तपासणीत बाद झालेले मांस मालकाला भरपाईवाचून गमवावे लागते, म्हणून जिभेवर फोड दिसलेले डुक्कर तपासणीच्या वाटेलाच न जाता आडबाजूला स्वस्तात विकले जाते. डुक्कर पाळणारा हा बहुधा समाजातला गरिबातला गरीब माणूस असतो. एक डुक्कर बाद होणे म्हणजे त्याच्या घरचे वर्षाचे गणित चुकणे होय. दंड मोठा आणि भरपाई शून्य अशी व्यवस्था असली, की मांस लपूनछपून विकले जाणार. याला कोणी अनीती म्हणो, अंकगणित ते हेच.

डोळ्यांना जे अधिक किळसवाणे दिसते ते अधिक घातक असते, असेही नाही. बकऱ्याच्या वा म्हशीच्या काळजातून पानासारखे चपटे कृमी बाहेर पडताना पाहून गिऱ्हाईक तोंड फिरवतो. परंतु हा यकृतकृमी काळीज खाऊन माणसाला होत नाही. त्याची पिल्ले पाणगोगलगायीच्या अंगात वाढतात आणि पाणथळ जागेच्या गवतावर जाऊन चिकटतात; तेथून ती जनावराच्या, आणि पाणवनस्पती कच्च्या खाणाऱ्या माणसाच्या, पोटात जातात. असले काळीज फेकून देणे योग्यच. पण शेतकऱ्याचे खरे नुकसान त्याआधीच, रोडावलेल्या जनावराच्या रूपाने झालेले असते. गाई-बैलांच्या मांसातून येणारा दुसरा एक पट्टकृमी आहे. तो लांबीला डुकराच्या पट्टकृमीहून मोठा. पण त्याची अंडी माणसाच्या शरीरात पुट्या करीत नाहीत. लहान भावाचा उपद्रव मोठ्याला नाही.

काळजातला आणि फुप्फुसातला पाण्याचा मोठा फोड ही मात्र वेगळी गोष्ट आहे. मेंढ्या, बकऱ्या आणि म्हशी कापताना लिंबाएवढे, कधी नारळाएवढे, स्वच्छ पाण्याने भरलेले फोड निघतात. त्यांना हायडॅटिड म्हणतात. हा फोड माणसाने चुकून खाल्ला, तरी त्याला त्यापासून रोग होत नाही. पण खाटीक तो कापून बाहेर फेकतो आणि दारात वाट पाहत बसलेली कुत्री त्यावर तुटून पडतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यापासून अवघे तीन ते सहा मिलिमीटर लांबीचे असंख्य पट्टकृमी तयार होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, अंगणात आणि त्याच्या केसांवर पडतात. कुत्र्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हाताला ती लागली, की वर्षानुवर्षे सावकाश वाढत जाणारा तसाच फोड त्या मुलाच्या यकृतात होतो. तो काढताना फुटला, तर रुग्णाच्या जिवाशी गाठ पडते.

हा फेरा कोठे तोडावा याचा धडा आइसलँडने घालून दिला आहे. एकोणिसाव्या शतकात त्या मेंढपाळांच्या बेटावर हा रोग घरोघर होता. १८६३ साली हारल्ड क्राबे हा डॅनिश पशुवैद्य तेथे गेला. त्याने कुत्री तपासली, रोगाचे मूळ निश्चित केले आणि सोप्या भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली. १८६४ साली ती आइसलँडच्या भाषेत छापून घरोघरी फुकट वाटण्यात आली. तिचे सांगणे एवढेच होते, की फोड कुत्र्यांपुढे टाकू नका, जाळा किंवा पुरा, आणि कुत्र्यांना हात लावल्यावर हात धुवा. आइसलँडचे लोक साक्षर होते. लांब हिवाळ्यात घरात बसून वाचण्याची त्यांना सवय होती. पुस्तिका वाचली गेली. पुढे कुत्र्यांना जंतांचे औषध देण्याचे आणि कत्तलीचा टाकाऊ भाग नष्ट करण्याचे कायदे झाले. राजधानी रेक्याविकमध्ये तर १९२४ साली कुत्रा पाळण्यावर बंदी आली आणि ती साठ वर्षे टिकली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग त्या बेटावरून नाहीसा झालेला होता. तेवढ्याच उपायांनी आपल्याकडेही हे व्हायला हरकत नाही. पण आपल्या कित्येक खाटीकखान्यांना कुंपण नाही आणि टाकाऊ भाग पुरण्याला खड्डा नाही. एका खड्ड्याची तरतूद अंदाजपत्रकात बसत नाही, हे पटणे कठीण आहे.

डुकराच्या पट्टकृमीचा फेरा तोडण्यास तीन जागा आहेत. एक, डुकराच्या अंगात. दोन, माणसाच्या स्वयंपाकघरात. तीन, माणसाच्या शौचकूपात. मांस आतपर्यंत नीट शिजले, कोठेही लालसर राहिले नाही, की पुटी मरते. उणे १५ अंशांच्या थंडीत तीन दिवस ठेवल्यानेही मरते. हे सोपे आहे. शौचकूपाचा मुद्दा सांगायला सोपा आणि घडवायला अवघड आहे. गोव्यात पूर्वी पुष्कळ घरांच्या परसात शौचाची जागाच अशी बांधलेली असे, की मैला थेट खाली डुकरांपर्यंत जाई. कृमीच्या दृष्टीने याहून सोयीची रचना संभवत नाही. महाराष्ट्रात २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा ज्यांनी खराट्याने गाव झाडून मगच कीर्तनाला उभे राहण्याचा परिपाठ घालून दिला, त्या महापुरुषाचे नाव या कामाला मिळाले, हे फार उचित झाले. २०१४पासून देशभर शौचकूप बांधण्याची मोहीम झाली आणि ते लक्षावधींनी उभे राहिले. मात्र बांधलेल्या शौचकूपात पाणी आहे की नाही, घरातील म्हातारी माणसे आणि मुले ते वापरतात की नाही, हे कृमीला नेमके ठाऊक असते. घरातल्या एकाने जरी उघड्यावर जायचे सोडले नाही, तरी डुकराचे काम भागते.

शौचकूपाची वाट पाहत न बसता फेरा तोडता येतो काय, याचा मोठा प्रयोग दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या तुंबेस प्रांतात झाला. हेक्टर गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील १०७ खेड्यांत, ८१,००० लोकवस्तीत, माणसांना पट्टकृमी पाडणारे औषध दिले. डुकरांना पुटी मारणारे ऑक्सफेंडाझोल आणि प्रतिबंधक लस दिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार १०७पैकी १०५ खेड्यांत कृमीचा फेरा थांबला होता. त्यांत खाटीकखाना कोठेच नव्हता. माणूस आणि डुक्कर यांवर एकाच वेळी उपचार झाले, म्हणून यश आले. त्याआधी, २०१४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी अन्नातून पसरणाऱ्या २४ परोपजीवींची घातकतेनुसार क्रमवारी लावली, तेव्हा पहिला क्रमांक डुकराच्या या पट्टकृमीला मिळाला होता.

डुकरांना द्यावयाच्या या लसीचे मूळ संशोधन ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे मार्शल लाइटॉवलर्स यांनी केले. पण बाजारात मिळणारी लस तयार होते ती आपल्याच देशात, हैदराबादला. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात आणि बरोबर ऑक्सफेंडाझोल दिले, तर आधीच्या पुट्याही मरतात. अडचण एवढीच, की या कृमीने डुकराला स्वतःला सहसा काही होत नाही. ते खाते, वाढते, वजन धरते. मग जिच्यामुळे डुकराचे वजन छटाकभरही वाढणार नाही, त्या लसीचे पैसे गरीब वराहपालकाने का भरावेत? त्या लसीचा लाभ मिळणार तो दूर शहरात राहणाऱ्या, वराहपालकाचे नावगाव ठाऊक नसलेल्या कोणा मुलीला. तिच्या वतीने तो खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, असे म्हणण्यास भक्कम आधार आहे. पशुसंवर्धन खाते म्हणेल, की हा माणसांचा रोग. आरोग्य खाते म्हणेल, की हे डुकरांचे काम. दोन्ही खात्यांच्या टिपणांत फाईल फिरत राहील, तोवर गावात पोटात फीत बाळगून असलेला माणूस दररोज लक्षावधी अंडी मातीत टाकीत असतो. त्याला दवाखान्यात प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड यांची एक मात्रा पुरते. प्रश्न तो कोण आहे हे हुडकण्याचा आहे, कारण त्याला स्वतःला काहीच दुखत नसते.